१८७९, लाइपझिग आणि 'जगातली पहिली' प्रयोगशाळा: एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांच्या गटांवर, स्पर्धा परीक्षांच्या नोट्समध्ये आणि १६ ऑगस्टला, म्हणजे जर्मन मानसशास्त्रज्ञ विल्हेल्म वुंटच्या जन्मदिवशी, एक मजकूर हमखास फिरतो. शब्द इकडचे तिकडे होतात, आशय असा असतो: "१८७९ मध्ये जर्मनीतील लाइपझिग येथे वुंट यांनी जगातील पहिली मानसशास्त्रीय प्रयोगशाळा स्थापन केली. त्याआधी मनाचे मोजमाप कोणी केले नव्हते. त्या दिवसापासून मानसशास्त्र तत्त्वज्ञानापासून वेगळे झाले. वुंट माणसांना बसवून मनात काय चालले आहे ते सांगायला लावत. या अंतर्निरीक्षणामुळेच त्यांचा रचनावाद पुढे अशास्त्रीय ठरला. याच प्रयोगशाळेची शाखा म्हणून १९१६ मध्ये कोलकात्यात भारतातील पहिली प्रयोगशाळा निघाली."

यातले प्रत्येक वाक्य कुठल्या ना कुठल्या खऱ्या गोष्टीला चिकटलेले आहे. म्हणून 'सगळे खोटे' म्हणून झटकून टाकता येत नाही. एकेक विधान सोडवून पाहावे लागते.

"१८७९ मध्ये स्थापना"

वुंट १८७५ मध्ये झुरिचहून लाइपझिगला आला तो तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक म्हणून. व्याख्यानात दाखवायची उपकरणे त्याच्यासोबत होती आणि ती ठेवायला जागा हवी होती. विद्यापीठाने कोनव्हिक्ट नावाच्या जुन्या इमारतीत एक खोली दिली. गरजू विद्यार्थ्यांच्या जेवणाची सोय होती ती ही इमारत, म्हणजे जवळजवळ विद्यार्थ्यांची खानावळच. खोली मिळाली ती सामान ठेवण्यासाठी आणि वर्गात प्रात्यक्षिके दाखवण्यासाठी, संशोधनासाठी नव्हे.

१८७९ च्या मार्चमध्ये वुंटने सॅक्सनीच्या शिक्षण मंत्रालयाकडे उपकरणांच्या संग्रहासाठी नियमित अनुदान मागितले. मंत्रालयाने नकार दिला. ज्या वर्षीची 'स्थापना' आपण पाठ करतो, त्या वर्षीचा सरकारी निर्णय हा असा आहे.

मग १८७९ मध्ये घडले काय? त्या हिवाळी सत्रापासून काही विद्यार्थी त्याच खोलीत स्वतःचे संशोधन करू लागले. माक्स फ्रीडरिश याने पीएचडीसाठी विषय घेतला तो असा: समोर आलेली गोष्ट नुसती दिसणे आणि ती काय आहे हे स्पष्ट ओळखणे, यांत किती वेळ जातो. उद्दीपक, म्हणजे समोर दाखवायची गोष्ट, म्हणून रंग आणि एक ते सहा आकडी संख्या. प्रयुक्त म्हणून, म्हणजे ज्याच्यावर प्रयोग करायचा तो माणूस म्हणून, बसणाऱ्यांत खुद्द वुंट होता, आणि नुकताच अमेरिकेहून आलेला मानसशास्त्रज्ञ स्टॅन्ली हॉलही. फ्रीडरिशला १८८१ मध्ये पदवी मिळाली आणि वुंटने काढलेल्या 'फिलोसोफिशे स्टुडिएन' या नियतकालिकाच्या पहिल्याच खंडात तो प्रबंध छापून आला. १८७९ ही या कामाच्या सुरुवातीची तारीख आहे. उद्घाटन झाले नाही, पाटी लागली नाही, हुकूम निघाला नाही.

अधिकृत मान्यता मिळाली १८८३ मध्ये, आणि तीही दुसऱ्या विद्यापीठाच्या कृपेने. ब्रेस्लाऊ विद्यापीठाने वुंटला बोलावणे पाठवले. तो जाईल या धास्तीने लाइपझिगने पगार वाढवला, जागा वाढवून दिली आणि संस्थेचे नाव विद्यापीठाच्या कार्यक्रमपत्रिकेत आले. प्राध्यापकांच्या मागण्या कशाने मंजूर होतात हे तेव्हाही वेगळे नव्हते.

एवढे असून १८७९ हेच साल का रुजले? मुख्य कारण स्वतः वुंट. १९०९ मध्ये लाइपझिग विद्यापीठाला ५०० वर्षे झाली. त्या निमित्ताच्या ग्रंथात संस्थेचा इतिहास लिहिताना त्याने विद्यार्थ्यांच्या प्रायोगिक कामाची सुरुवात १८७९ च्या शरद ऋतूत धरली. पाठ्यपुस्तकांनी तेच साल उचलले, १९७९ मध्ये शताब्दी साजरी झाली, १९८० ची आंतरराष्ट्रीय मानसशास्त्र परिषद लाइपझिगलाच भरली. साल पक्के झाले. परीक्षेत पर्यायांमध्ये १८७९ असेल तर बेलाशक त्यावरच खूण करावी. फक्त 'स्थापना' या क्रियापदावर फार भार टाकू नये.

"जगातील पहिली"

हे कसोटीवर अवलंबून आहे. खोली आणि उपकरणे एवढेच पुरेसे मानले, तर अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम जेम्सने हार्वर्डमध्ये १८७५ च्या सुमारास लॉरेन्स हॉलमध्ये शरीरक्रिया आणि मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमासाठी उपकरणे मांडली होती. वुंटची सामानाची खोलीही त्याच सुमाराची. विद्यार्थ्यांचे छापील संशोधन ही कसोटी लावली, तर लाइपझिग आणि १८७९. अधिकृत नोंद बघितली, तर लाइपझिग १८८३. आणि त्याच वर्षी हॉलने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात आपली प्रयोगशाळा सुरू केली. १८९५ मध्ये याच हॉलने आपल्या नियतकालिकात अमेरिकेतल्या प्रयोगशाळांचे श्रेय स्वतःकडे आणि स्वतःच्या शिष्यांकडे ओढले, तेव्हा जेम्सने 'सायन्स' साप्ताहिकात खरमरीत पत्र लिहून त्याला उत्तर दिले. 'पहिले कोण' हा वाद त्या माणसांच्या हयातीतच हातघाईवर आला होता. यापेक्षा जास्त वेळ त्यावर घालवण्यात अर्थ नाही.

"त्याआधी मनाचे मोजमाप कोणी केले नव्हते"

सगळ्या मजकुरात सर्वांत चुकीचे वाक्य हे. १८७९ मध्ये लाइपझिगच्या खोलीत जे काही होते, त्यातले जवळजवळ प्रत्येक साधन आणि प्रत्येक पद्धत दुसऱ्या कुणाच्या कामातून आलेली होती.

सुरुवात खगोलशास्त्रज्ञांच्या एका व्यावहारिक अडचणीतून झाली. दुर्बिणीच्या दृष्टिक्षेत्रातल्या बारीक तारेवरून तारा नेमका कधी सरकला हे नोंदवायचे असे. निरीक्षक कानाने घड्याळाचे टोले मोजायचा, डोळ्याने तारा पाहायचा, आणि दोन टोल्यांच्या मधला सेकंदाचा दहावा भाग अंदाजाने लिहायचा. ग्रिनिचच्या वेधशाळेचा प्रमुख मॅस्केलिन याच्या लक्षात आले की सहायक किनेब्रुकची वेळ आपल्यापेक्षा मागे पडते. फरक वाढत वाढत ०.८ सेकंदापर्यंत गेला आणि १७९६ मध्ये किनेब्रुकची नोकरी गेली. पुढे कोनिग्सबर्गचा खगोलशास्त्रज्ञ बेसेल याने हा प्रकार वाचून निरनिराळ्या निरीक्षकांची आपापसांत तुलना केली. कसलेले निरीक्षकही एकमेकांशी जुळेनात. बेसेल आणि आर्गेलांडर यांच्यातला फरक १.२ सेकंदांहून जास्त निघाला. हा निष्काळजीपणा नव्हता. माणसागणिक बदलणारी, पण एकाच माणसात बऱ्यापैकी टिकून राहणारी ती एक राशी होती. तिला 'वैयक्तिक समीकरण' म्हणू लागले. ते काढून टाकण्याच्या खटपटीत खगोलशास्त्रज्ञांनी विजेवर चालणारी कालमापके वापरात आणली. स्वित्झर्लंडमधल्या न्यूशातेल वेधशाळेचा आडोल्फ हिर्श याने १८६० च्या दशकाच्या सुरुवातीला पाहणे, ऐकणे आणि स्पर्श यांचे प्रतिक्रिया-काल, म्हणजे उद्दीपक आल्यापासून माणसाची प्रतिक्रिया होईपर्यंतचा वेळ, मोजले. साधन होते माथेउस हिप याचा क्रॉनोस्कोप, सेकंदाचा हजारावा भाग मोजणारे घड्याळयंत्र. लाइपझिगच्या प्रयोगशाळेचे सर्वांत गाजलेले यंत्र पुढे तेच झाले.

दुसरा धागा शरीरक्रियाशास्त्राचा. मज्जातंतूतून संदेश इतक्या झटकन जातो की त्याचा वेग मोजणे अशक्य, असे योहानेस म्युलरसारखे दिग्गज सांगत होते. त्याचाच शिष्य हेल्महोल्ट्स याने १८५० च्या सुमारास बेडकाच्या स्नायूला जोडलेल्या मज्जातंतूला आधी स्नायूजवळ आणि मग दूर विजेचा झटका दिला, स्नायू आकसायला लागलेल्या वेळांतला फरक घेतला आणि मधल्या अंतराला त्या फरकाने भागले. वेग सेकंदाला तीसेक मीटरच्या आसपास निघाला. ध्वनीपेक्षाही पुष्कळ कमी. दोन ठिकाणच्या वेळांची वजाबाकी करून मधल्या टप्प्याचा वेळ काढायचा, ही युक्ती पुढे मानसशास्त्राने जशीच्या तशी उचलली.

ती उचलणारा माणूस नेदरलँड्समधल्या उट्रेख्टचा डोंडर्स, शरीरक्रियाशास्त्रज्ञ आणि नेत्रवैद्य. त्याचा विद्यार्थी दे याहर याने १८६५ मध्ये दोन्ही पायांवर विजेचे टोक बसवले. कुठल्या पायाला झटका येणार हे आधी माहीत असताना त्या बाजूच्या हाताने कळ दाबायची. आणि मग माहीत नसताना. दुसऱ्या वेळी सुमारे सेकंदाचा पंधरावा भाग जास्त लागला. निवड करायला लागणारा हा वेळ. डोंडर्सने १८६८ मध्ये याची तीन पायऱ्यांची मांडणी छापली. पहिल्यात एकच ठरलेला उच्चार ऐकू येणार आणि प्रयुक्ताने तोच म्हणायचा. दुसऱ्यात पाचांपैकी कुठलाही येणार आणि जो आला तोच म्हणायचा. तिसऱ्यात पाचांपैकी कुठलाही येणार, पण एकालाच उत्तर द्यायचे, बाकीच्यांना गप्प राहायचे. तिसऱ्यातून पहिला वजा केला की 'ओळखण्याचा' वेळ, दुसऱ्यातून तिसरा वजा केला की 'उत्तर निवडण्याचा' वेळ. त्याच्या आकड्यांत हे अनुक्रमे सेकंदाचे सुमारे ३६ आणि ४७ हजारांश आले.

यात एक फट आहे आणि ती वुंटला लगेच दिसली. तिसऱ्या प्रकारात 'बोलू की नको' हा निर्णय राहतोच. म्हणजे ते निव्वळ ओळखणे नव्हे. म्हणून वुंटने चौथा प्रकार काढला: उद्दीपक कुठलाही असो, प्रतिक्रिया एकच, पण तो ओळखल्यावरच द्यायची. फ्रीडरिशचा प्रबंध याच प्रकारावर उभा आहे. अडचण अशी की प्रयुक्ताने खरेच ओळखून कळ सोडली की घाईत आधीच, हे बाहेरून तपासायचा मार्ग नाही. त्यामुळे या प्रकारातले आकडे प्रयोगागणिक डोलत राहिले.

तिसरा धागा तर लाइपझिगच्याच गावातला. एर्न्स्ट वेबर तिथे शरीररचना आणि शरीरक्रिया शिकवायचा. कंपासची दोन टोके त्वचेवर टेकवून ती एकच वाटतात की दोन, हे त्याने शरीरभर तपासले आणि १८३४ मध्ये स्पर्शावरचा ग्रंथ छापला. महाराष्ट्रात बी.ए.च्या प्रॅक्टिकलला बसलेल्या पुष्कळांनी हा प्रयोग केलेला असतो: बोटाच्या टोकावर दोन-तीन मिलिमीटरला 'दोन' असे उत्तर येते, पाठीवर चार-पाच सेंटिमीटर अंतर ठेवले तरी 'एक'. त्याच गावातल्या फेशनरने १८६० मध्ये मनोभौतिकीचे, म्हणजे बाहेरचा उद्दीपक आणि आतली संवेदना यांच्या नात्याच्या मोजमापाचे, दोन खंड काढले. संवेदना मोजायच्या तीन पद्धती त्यात आहेत आणि आजही त्याच शिकवल्या जातात. वजने उचलून कुठले जड ते सांगायच्या त्याच्या एका प्रयोगमालेत २४,५७६ निवाडे आहेत. फेशनरकडे मानसशास्त्राची प्रयोगशाळा नव्हती. एवढे मोजमाप प्रयोगशाळेवाचून झाले.

वुंट स्वतःही १८७९ च्या कितीतरी आधीपासून हेच करत होता. १८६१ च्या सुमारास हायडेलबर्गला त्याने एक लंबकाचे घड्याळ घेऊन असे जुळवले की लंबक हलताना ठरलेल्या जागी घंटा वाजावी. घंटा वाजली तेव्हा लंबक कुठे होता हे पाहून सांगायचे. सांगितलेली जागा आणि खरी जागा यांत सेकंदाच्या आठव्या-दहाव्या भागाइतका फरक पडे. खगोलशास्त्रज्ञांची अडचण त्याने घरात मांडून पाहिली होती.

"त्या दिवसापासून तत्त्वज्ञानापासून वेगळे"

वुंट अखेरपर्यंत तत्त्वज्ञानाच्याच अध्यासनावर होता. त्याच्या प्रयोगशाळेतून मिळणारी पदवी तत्त्वज्ञान विद्याशाखेची. त्याने काढलेल्या नियतकालिकाचे नाव 'तत्त्वज्ञानविषयक अभ्यास'. त्याच्या हाताखाली झालेल्या १८६ प्रबंधांपैकी ७० तत्त्वज्ञानाचे होते. आणि जेव्हा फारकतीची मागणी खरोखर आली, तेव्हा ती दुसऱ्या बाजूने आली: १९१३ च्या सुमारास शंभराहून अधिक जर्मन तत्त्वज्ञांनी सह्या करून सांगितले की तत्त्वज्ञानाची अध्यासने प्रयोगवाल्या मानसशास्त्रज्ञांना देणे बंद करा. त्यावर वुंटने पुस्तिका लिहिली ती फारकतीच्या विरोधात. त्याचे म्हणणे, वेगळे काढले तर मानसशास्त्रज्ञ नुसते कारागीर होतील. ज्याच्या नावे घटस्फोट लावला जातो, तो ऐंशीव्या वर्षी संसार टिकवा म्हणत होता.

"माणसांना बसवून मनात काय चालले ते सांगायला लावत"

लाइपझिगमधला प्रतिक्रिया-कालाचा साधा प्रयोग जवळून पाहिला की हे विधान गळून पडते.

टेबलावर हिपचा क्रॉनोस्कोप. वजनावर चालणारे घड्याळयंत्र. पण त्याचा वेग लंबकाने नव्हे, तर सेकंदाला हजार वेळा कंप पावणाऱ्या पोलादी पट्टीने सांभाळलेला. दोन तबकड्या. वरच्या तबकडीचा काटा सेकंदाच्या दहाव्या भागात एक फेरी मारतो आणि तिच्यावर १०० खुणा. म्हणजे एक खूण एक हजारांश सेकंदाची. खालचा काटा १० सेकंदांत एक फेरी मारतो. यंत्र चालू केले तरी काटे लगेच हलत नाहीत. ते यंत्राला गुंतवायचे की सोडवायचे हे विद्युत्चुंबक ठरवतो. एका नेहमीच्या जुळणीत प्रवाह चालू असला की काटे मोकळे, प्रवाह तुटला की गुंतलेले. गोळा पडून आवाज होतो त्याच क्षणी प्रवाह तुटतो, काटे धावू लागतात. प्रयुक्ताच्या हाताच्या हालचालीने कळ प्रवाह पुन्हा जोडते, काटे थांबतात. आधीचे आणि नंतरचे वाचन यांतला फरक, तो प्रतिक्रिया-काल.

क्रम असा. प्रयोगकर्ता यंत्र सोडतो आणि पट्टीचा सूर स्थिर होईपर्यंत थांबतो. सूर नेहमीचा लागला नाही तर ती खेप रद्द. मग 'तयार' अशी सूचना. त्यानंतर दीड-दोन सेकंदांनी उद्दीपक. हे मधले अंतर फार लांबले तर लक्ष ढळते. नेहमी अगदी तेवढेच ठेवले तर प्रयुक्त तालावर कळ सोडू लागतो आणि आवाजाच्या आधीच प्रतिक्रिया नोंदली जाते. म्हणून मधूनच सूचना देऊन उद्दीपक न देण्याची खेप घालायची. यंत्राची घरघर प्रयुक्ताच्या कानावर पडू नये यासाठी त्याला दुसऱ्या खोलीत बसवून तारांनी जोडायची पद्धत पडली. एकेका मालिकेची सरासरी आणि सरासरीपासूनचे सरासरी अंतर काढायचे.

खरी डोकेदुखी विद्युत्चुंबकाची. प्रवाह जोरदार असला तर प्रवाह तुटल्यावरही लोखंडातले चुंबकत्व रेंगाळते. काटे गुंतवणारा-सोडवणारा, चुंबकाने ओढलेला लोखंडी तुकडा उशिरा सुटतो, काटे उशिरा धावू लागतात. उलट थांबवताना तोच जोरदार प्रवाह तो तुकडा पटकन ओढतो, काटे लवकर थांबतात. दोन्ही चुका एकाच दिशेच्या, त्यामुळे वेळ खऱ्यापेक्षा कमी दिसतो. प्रवाह दुबळा असला तर बरोबर उलटे. बॅटरी उतरत गेली की सकाळचे आणि संध्याकाळचे आकडे तुलनेचे राहत नाहीत, आणि मग माणूस दमला की बॅटरी, हे सांगता येत नाही. उपाय: मंद पण एकसारखा प्रवाह देणारे विद्युतघट वापरायचे, रोधाने प्रवाह बेतायचा, प्रवाह दाखवणाऱ्या गॅल्व्हानोमीटरवर नजर ठेवायची, लोखंडात चुंबकत्व साचू नये म्हणून प्रवाहाची दिशा अधूनमधून उलटी करायची. आणि रोज प्रयोगाआधी तपासणी: ठरलेल्या उंचीवरून पडणारा हातोडा दोन संपर्क ठरलेल्या अंतराने तोडतो-जोडतो. तो काळ नादकाट्याच्या कंपनांवरून आधीच मोजलेला असतो. क्रॉनोस्कोपने तोच आकडा दाखवेपर्यंत प्रवाह आणि स्प्रिंगचा ताण कमी-जास्त करत बसायचे. वुंटचा अमेरिकन विद्यार्थी जेम्स कॅटेल याने लाइपझिगमध्ये १८८० च्या दशकात जो वेळ घालवला, त्यातला मोठा भाग यंत्रातल्या अशाच चुका हुडकण्यात गेला.

आता या सगळ्यात 'मनात काय चालले आहे' हे विचारले कुठे? जवळजवळ कुठेच नाही. प्रयुक्ताकडून हवे ते एवढेच: कळ सोडणे, 'जड', 'हलके', 'सारखे', 'दोन', 'एक'. वुंटने निरीक्षणाच्या अटी स्वच्छ सांगितल्या होत्या. घटना कधी घडणार हे निरीक्षकाला ठरवता यावे. त्याचे लक्ष त्या क्षणी तिच्यावर ताणलेले असावे. ती पुन्हा पुन्हा घडवता यावी. उद्दीपक बदलून परिस्थिती बदलता यावी. आठवणी, विचार, भाषा या गोष्टी या अटींत बसत नाहीत, म्हणून त्या प्रयोगाच्या कक्षेबाहेर, असे तो म्हणे. त्यांच्यासाठी त्याने भाषा, मिथक आणि रूढी यांच्या अभ्यासाचे दहा खंड १९०० ते १९२० या काळात लिहिले. कुर्ट डांझिगर या इतिहासकाराने 'फिलोसोफिशे स्टुडिएन'चे १८८३ ते १९०३ मधले सगळे खंड चाळले. सुमारे १८० प्रायोगिक लेखांपैकी ज्यांत प्रयुक्ताचे लांबलचक आत्मवर्णन आहे असे त्याला चारच सापडले.

अनुभवाचे कथन येते ते पूरक म्हणून, आणि तेव्हाही आकड्याला जोडूनच. लुडविग लांगे याने १८८८ मध्ये दाखवले की लक्ष येणाऱ्या उद्दीपकावर ठेवले तर साधी प्रतिक्रिया, लक्ष हाताच्या हालचालीवर ठेवल्यापेक्षा, सुमारे सेकंदाच्या दहाव्या भागाने लांबते. कॅटेलला हा फरक आपल्या प्रयुक्तांत मिळेना. वाद वर्षानुवर्षे चालला. पण भांडण कशावर? तर १०० हजारांश सेकंदांवर. कुणाचे मन किती सुंदर वर्णन करते यावर नव्हे.

बसवून विचारायची पद्धत खरोखर वापरली गेली ती जर्मनीतल्याच व्युर्त्सबुर्गला, वुंटचाच जुना सहायक क्युल्पे याच्याकडे. तिथे कार्ल ब्युलर प्रयुक्ताला एखादे अवघड वचन ऐकवायचा, 'समजले का?' विचारायचा आणि होय-नाही आल्यावर मधल्या काळात मनात काय घडले ते सविस्तर सांगायला लावायचा. १९०७ मध्ये वुंटने यावर झोड उठवली. प्रश्न अनपेक्षित, घटना पुन्हा घडवता येत नाही, ऐकणे-विचार करणे-स्वतःला पाहणे एकदम. हा प्रयोगच नव्हे, नुसती विचारपूस आहे, असे त्याचे म्हणणे. ज्या पद्धतीची त्याने अशी हजेरी घेतली, तीच आता त्याच्या खात्यावर मांडली जाते.

"त्यांचा रचनावाद"

रचनावाद एडवर्ड टिचनरचा. टिचनर इंग्रज, लाइपझिगला १८९२ मध्ये पीएचडी करून त्याच वर्षी अमेरिकेत कॉर्नेलला गेला. संवेदना सुट्या सुट्या घटकांत फोडून त्यांची यादी करायची आणि त्यासाठी निरीक्षकांना महिनोन्महिने तालीम द्यायची, हा त्याचा कार्यक्रम. वुंटच्या मांडणीत जोर घटकांवर नव्हता, तर मन त्या घटकांची जुळणी लक्ष आणि इच्छा यांच्या बळावर कशी करते यावर होता. आपल्या भूमिकेला तो इच्छाकेंद्री नाव देई. टिचनरने वुंटची भाषांतरे केली, इंग्रजी वाचकांना वुंट भेटला तो त्याच्यामार्फत, आणि गुरुशिष्यांचे चेहरे एकमेकांत मिसळले. मन सोडून फक्त दिसणारे वर्तन अभ्यासा म्हणणाऱ्या वर्तनवाद्यांनी पुढे ठोकले ते टिचनरला. मार वुंटच्या नावावर लागला.

"कोलकात्यातील शाखा"

लाइपझिगने कुठे शाखा काढली नाही. तिथून बाहेर गेली ती माणसे, तिथले नियतकालिक आणि उपकरणे. माणसांत कॅटेल, म्युन्स्टरबेर्ग, टिचनर, विटमर, स्पीअरमन. उपकरणांत १८८७ मध्ये लाइपझिगला निघालेल्या त्सिमरमान या कारखान्याचा माल, जो छापील सूचीवरून जगभर मागवला जाई. नवी प्रयोगशाळा काढणाऱ्याला यंत्राची कल्पना लढवावी लागत नव्हती, क्रमांक लिहून ते मागवता येत होते. वुंटचे नवेपण शोधायचे तर इथे शोधावे: दुसऱ्यांनी घडवलेली मापने त्याने विद्यार्थ्यांच्या हातात दिली, एकाने प्रयोगकर्ता व्हायचे आणि दुसऱ्याने प्रयुक्त, मग अदलाबदल, आणि निकाल छापायला घरचे नियतकालिक. वर्षामागून वर्षे प्रबंध बाहेर पडू लागले. डोंडर्सने हे केले नव्हते, फेशनरनेही नाही.

कोलकात्याचा धागा यातूनच निघतो, पण वळसा घेऊन. कोलकाता विद्यापीठातला प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग उभा करणारे नरेंद्रनाथ सेनगुप्ता शिकले हार्वर्डला, ह्यूगो म्युन्स्टरबेर्गकडे. म्युन्स्टरबेर्गची डॉक्टरेट लाइपझिगची, १८८५ ची. पण इच्छाशक्तीच्या प्रश्नावर त्याने वुंटच्या विरोधात पुस्तक लिहिले आणि पुढे जेम्सनेच त्याला १८९२ मध्ये हार्वर्डची प्रयोगशाळा चालवायला बोलावले. म्हणजे कोलकात्याला पोहोचले ते हार्वर्डच्या मुशीतून निघालेले मानसशास्त्र.

म्हैसूरला १९२४ मध्ये मानसशास्त्र विभाग सुरू करणारे गोपालस्वामी लंडनहून आले, चार्ल्स स्पीअरमनकडे शिकून. स्पीअरमन पुन्हा वुंटचा विद्यार्थी. तरी त्याचे नाव झाले ते बुद्धिमापनातल्या सहसंबंधांच्या गणितावर, आणि ती वाट लाइपझिगची नाही. ती इंग्रज संशोधक फ्रान्सिस गॉल्टनची. गॉल्टनने १८८४ च्या लंडनमधल्या आरोग्य प्रदर्शनात मांडलेल्या मापनकक्षात माणशी तीन पेन्स घेऊन दृष्टी, श्रवण, हाताची पकड आणि प्रहाराचा वेग मोजला जायचा, आणि तिथे ९,३३७ माणसे येऊन गेली. वुंटकडे पाच-सहा तरबेज माणसांवर हजारो खेपा होत. गॉल्टनकडे हजारो माणसे, प्रत्येकाची काही मिनिटे. भारतातल्या विद्यापीठांत पुढे या दोन्ही तऱ्हा आल्या, आणि फिरत्या मजकुरात त्यातल्या दुसरीचा पत्ताच नाही.